सवलत नको, कान द्या

म्हाताऱ्या कलावंताच्या कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्यांचं बोलणं ठरलेलं असतं. ‘पूर्वीचं आता काही राहिलं नाही, पण या वयात एवढं करतात हेच खूप,’ असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘ऐकायचं काय त्यात? दर्शन झालं, भरून पावलो.’ दोघांच्याही मनात प्रेमच असतं. पण एकाने सूट दिलेली असते आणि दुसऱ्याने नुसते हात जोडलेले असतात. प्रत्यक्ष काय वाजलं, कुठला सूर कसा लागला, कुठली ओळ सोडली आणि का सोडली, याबद्दल दोघंही गप्प. उतारवयातल्या मैफलीचं रसग्रहण आपल्याकडे फारसं होत नाही. होतात ते सत्कार.

इथे ते रसग्रहण करायचं आहे एका परदेशी कलावंताच्या निमित्ताने. शिकागोचा ब्लूज गायक आणि गिटारवादक बडी गाय. नावाला हसू आलं तर येऊ द्यावं, त्याच्या गाण्यातही विनोदाला पहिल्या रांगेत जागा असते. जन्म ३० जुलै १९३६ चा. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो तिथे वाजवून गेला. वय ७४. पुढेही येत राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा ८६ वर्षांचा होता आणि त्या वर्षीचा त्याचा दौरा निरोपाचा म्हणून जाहीर झाला होता. बारा वर्षांच्या अंतराने तोच माणूस, तेच शहर, तीच गिटार. म्हातारपण कलेत काय करतं हे पाहायला याहून चांगला नमुना महाराष्ट्रात बसून मिळणार नाही.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटेल. पण आपल्यात आणि त्याच्यात एक धागा आहे, तो कापसाचा. बडी गाय लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यातला. बाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा, आणि पोरगा लहानपणी कापूस वेचायला जाणारा. ब्लूज हे गाणंच कापसाच्या शेतातलं, गुलामगिरी संपल्यावरही वेठीतून न सुटलेल्या काळ्या शेतमजुरांचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा इंग्रजांच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरले आणि खान्देशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. आगगाडीही खान्देशात त्याच दशकात पोचली. पुढे जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, गावोगावचे जीन, हे सगळं त्या पिकावर उभं राहिलं. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पीक मात्र दोन्हीकडे तेच राहिलं. वेचणीच्या दिवसांत बोटांच्या पेरांना बोंडाची टोकं कशी लागतात, हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याला ब्लूज समजायला फार वेळ लागू नये.

आता गाण्याची बांधणी. नेहमीच्या ब्लूजचं एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं असतं, चार-चार मात्रांचे बारा खण. त्यात तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. दुःख एकदा सांगून समोरच्याला पटत नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितल्यासारखी ही रचना आहे. पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ओळीच्या वाट्याला सोळा मात्रा येतात आणि गायक त्यातल्या साधारण निम्म्याच वापरतो. उरलेली जागा वाद्याची. गळा थांबला की गिटार बोलते, ती थांबली की गळा. सूरही आपल्या कानाला परके नाहीत. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या अधेमधे कुठेतरी रेंगाळणारा एक गंधार यात सतत येतो, आणि गिटारची तार बोटाने आडवी ओढून तो काढतात. आपण त्याला बिनदिक्कत मींड म्हणावं.

ही अर्धी ओळ रिकामी ठेवण्याची रीत लक्षात ठेवा, कारण म्हाताऱ्या ब्लूजवाल्याचा सगळा डाव तिच्यावर चालतो. तरुण गायकाला ती जागा भरायची असते. म्हाताऱ्याला तिथे श्वास घ्यायचा असतो. या गाण्याच्या सांगाड्यातच दम खायची सोय आहे. दम खाताना मैफल पडू द्यायची नाही, ही कला मात्र सांगाड्यात मिळत नाही.

बडी गाय हे कसं करतो ते पाहू. त्याच्या उतारवयातल्या बहुतेक कार्यक्रमांत एक क्षण हमखास येतो. ढोल, बेस, ऑर्गन, दुसरी गिटार असा सगळा संच जोरात चाललेला असतो. तो मागे वळून हाताने खाली, अजून खाली अशी खूण करतो. आवाज उतरत जातो. मग तो माइकपासून तोंड दूर नेतो आणि जवळजवळ कुजबुजत गातो. गिटारची तार नुसती टेकल्यासारखी छेडतो. एक सूर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. हजारो माणसांचं सभागृह पुढे झुकतं. बोलणारे बोलायचे थांबतात, कारण आता शेजाऱ्याचं कुजबुजणंसुद्धा त्याच्यापेक्षा मोठं होईल. आणि नेमक्या त्याच वेळी, कुठलीही पूर्वसूचना न देता, तो एक तार कर्कश ओढतो आणि अख्खा संच त्याच्यासकट अंगावर येतो.

धुळ्याजवळच्या एका गावात भजनी मंडळात ढोलकी वाजवणाऱ्या मित्राला मी या प्रकाराची एक ध्वनिचित्रफीत दाखवली. इंग्रजीचा गंध नाही, ब्लूज हा शब्दही पहिल्यांदाच ऐकलेला. त्याने तो शांत तुकडा तीनदा मागे घेऊन पाहिला आणि म्हणाला, ‘बुढा जागा बराबर राखस.’ म्हातारा जागा बरोबर राखतो. मग त्याने दाखवलं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गिटार गप्प असते तेव्हा बडी गायचा उजवा पाय आणि मान मात्रा मोजत असतात, आणि परत येताना तो समेवर येत नाही, समेच्या केसभर मागून येतो. ऐकणाऱ्याला वाटतं चुकला, तोवर तो आलेला असतो. हा उशीर थकव्याचा असता तर दर वेळी वेगळा झाला असता. तो दर वेळी तेवढाच आहे, म्हणजे तो हिशेबाचा आहे.

हे त्याला म्हातारपणी सुचलं असंही नाही. मडी वॉटर्स हा शिकागोच्या ब्लूजचा बुजुर्ग. त्याचा ‘फोक सिंगर’ हा संग्रह १९६४ साली निघाला, त्यात विजेची गिटार बाजूला ठेवून साध्या लाकडी गिटारीवर गाणी केली आहेत. साथीला दुसरी गिटार सत्तावीस वर्षांच्या बडी गायची. एरवी आगपाखड करणारा हा पोरगा तिथे वडीलधाऱ्याच्या मागे इतका बेताने वाजवतो की गळ्याच्या आणि गिटारीच्या मधली हवासुद्धा ऐकू यावी. मौनाचं ते शिक्षण त्याने तरुणपणी घेतलं होतं. तेव्हा बाकीच्या वेळी त्याची गरज पडत नव्हती, कारण अंगात जोर होता. जोर ओसरला तसं ते वर आलं. म्हातारपण नवं कौशल्य देत नाही, जुन्या कौशल्यांतलं कुठलं खरं होतं ते निवडून देतं.

२०१० साली त्याचा ‘लिव्हिंग प्रूफ’ हा संग्रह निघाला. त्यातलं पहिलंच गाणं वयाबद्दल आहे आणि नावातच आकडा आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचा तरुण. शब्दांत बढाई आहे, रंगेलपणा आहे, मी काय काय पाहिलं याची यादी आहे. नुसता कागद वाचला तर तो एका चहाटळ म्हाताऱ्याचा फड वाटेल. पण गाणं सुरू होतं ते अगदी दबक्या आवाजात, साध्या गिटारीवर, पारावर बसून सांगावं तसं. ऐकणारा सैलावतो. मग मध्यावर विजेची गिटार फुटते आणि तिच्यात आवरसावर अजिबात नाही. सूर एकमेकांवर आदळतात, तारा किंचाळतात. शब्द जे सांगत होते ते खरं की खोटं, याचा पुरावा गिटार देते. बढाई शब्दांनी मारायची आणि हातांनी सिद्ध करायची, अशी या गाण्याची दोन दालनं आहेत. पहिल्या दालनात तो म्हातारपणाची भूमिका करतो, दुसऱ्यात ती टाकून देतो. मला हे गाणं आवडतं ते या नाट्यासाठी. वयाबद्दलची बहुतेक गाणी उसासे टाकतात. हे गाणं वयाचा नट म्हणून उपयोग करतं.

मग त्याची ती प्रसिद्ध फेरी. कार्यक्रमाच्या मध्यावर तो वाजवत वाजवत मंचावरून उतरतो आणि श्रोत्यांत शिरतो. खुर्च्यांमधून, गर्दीतून, कधी थेट दारापर्यंत. लोक हात लावतात, फोन पुढे करतात, तो वाजवत राहतो. नव्या प्रेक्षकाला हा लोकानुनय वाटतो. पण याची एक वंशावळ आहे. तरुणपणी त्याने बॅटन रूजमध्ये गिटार स्लिम या वादकाचा कार्यक्रम पाहिला. मंच मोकळा, गिटारचा आवाज मात्र चालू, आणि मग लांबलचक तार ओढत स्लिम मागून, माणसाच्या खांद्यावर बसून सभागृहात आला. ही हकिकत बडी गायने मुलाखतींतून अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी त्याने ठरवलं की ब्लूजचा गिटारवादक बी. बी. किंग याच्यासारखं वाजवायचं आणि गिटार स्लिमसारखं वागायचं. पूर्वी पाठीमागे शे-दीडशे फुटांची वायर असायची, आता ती नाही. फरक एवढाच नाही. पंचविशीत केलेली फेरी म्हणजे मस्ती होती. ऐंशी उलटल्यावर तीच फेरी म्हणजे, तुम्ही इतक्या लांबून माझ्यापर्यंत आलात, आता थोडा मी येतो, असं म्हणणं आहे. चाल तीच, अर्थ वयाने बदलला. असं एखाद्या ठुमरीचं किंवा अभंगाचं होतं हे आपल्याला माहीत आहे. इथे ते एका चालण्याचं झालं आहे.

मंचावर तो दुसऱ्यांचं बरंच वाजवतो. हा मडी वॉटर्स, हा जॉन ली हुकर, हा हेंड्रिक्स, असं म्हणत एकेका गिटारवाल्याची लकब चार-दोन खणांत उभी करतो आणि सोडून देतो. याला काही जण नकला म्हणतात. घराण्याच्या मैफलीत बुजुर्ग गायक ‘आमचे खाँसाहेब ही जागा अशी घ्यायचे’ म्हणून ती घेऊन दाखवतो, तेव्हा आपण त्याला नक्कल म्हणत नाही. १९५७ च्या सप्टेंबरात हा मुलगा शिकागोला आला, पुढे उपाशी फिरायची वेळ आली आणि मडी वॉटर्सने त्याला आपल्याजवळचं सँडविच खाऊ घातलं, हे तो आजही सांगतो. मडी वॉटर्स १९८३ मध्ये गेला, बी. बी. किंग २०१५ मध्ये. ती पिढी प्रत्यक्ष पाहिलेला आणि अजून उभा राहून वाजवणारा दुसरा फारसा कुणी उरला नाही. त्यामुळे त्या चार-दोन खणांचा दस्तऐवज म्हणून जो भाव आहे तो आहेच. गिटारवरचे आणि सदऱ्यावरचे पांढरे ठिपकेही असेच. घर सोडताना आईला त्याने थाप मारली होती की शिकागोला पैसा कमावीन आणि ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन तुझ्याकडे येईन. ती गेली, गाडी राहून गेली. ठिपके त्याने गिटारवर काढून घेतले.

एवढं कौतुक केल्यावर खोटही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही सूटच दिली असं होईल. बडी गायचं एकही गाणं उतारवयातल्या कार्यक्रमात धड पूर्ण होईल याची खात्री नसते. दोन कडवी झाली की गोष्ट, गोष्टीतून विनोद, विनोदातून दुसरंच गाणं. विनोद दर गावी तेच. गिटार ढोलाच्या काडीने वाजव, टॉवेलने वाजव, अंगावर घासून वाजव, हे खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला मजेचे, दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला लांबण. जॉन हायटच्या ‘फील्स लाइक रेन’सारखं संथ गाणं तो इतकं सुंदर उचलतो की ते तिथेच अर्ध्यावर टाकल्याचा राग येतो. दमाची बचत म्हणून हे समजतं. पण बचतीचे दोन मार्ग त्याच्याकडे आहेत. शांत तुकड्यात तो कमी सुरांत पुरं गाणं देतो. गोष्टींत आणि खेळांत गाण्याऐवजी करमणूक देतो. पहिला कलेचा मार्ग, दुसरा अनुभवी मंचकाराचा. त्याच्या मोठेपणाचं माप पहिल्याने घ्यावं.

आता आपल्या गावाकडे येऊ. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाने लहानपणी जळगावात नातलगांकडे राहून मेहबूब खाँकडे गाण्याचे पहिले धडे घेतले. वांद्र्याचा स्टुडिओ बांधणाऱ्या सिनेमावाल्या मेहबूब खानांशी या खाँसाहेबांचं नावापुरतंच साम्य, पण योगायोग गोड आहे. हा मुलगा पुढे बालगंधर्व झाला. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि स्वर्गीय वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दर वर्षी थंडीच्या दिवसांत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरवतं. वय आणि गाणं यांचा सगळ्यात अवघड हिशेब मराठी माणसाने मांडला असेल तर तो याच कलावंताच्या बाबतीत, आणि माझ्या मते तो चुकीचा मांडला.

बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ या नाटकांतल्या स्त्रीभूमिका ही त्यांची भरभराट. भास्करबुवा बखल्यांची तालीम, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, वन्समोअरवर वन्समोअर आणि पहाटेपर्यंत चालणारं नाटक. १९३१ मध्ये बोलपट आला, त्यांची नाटक कंपनी कर्जात रुतत गेली. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात ते संत एकनाथ झाले, पण तिथे रमले नाहीत आणि पुन्हा रंगभूमीवर आले. साठी उलटल्यावरही भामिनी-सिंधूच्या साड्या उतरवल्या नाहीत. इथपासून लोकांचे दोन तट पडले. एक म्हणाला, आता थांबायला हवं होतं. दुसरा म्हणाला, आमचे नारायणराव कसेही दिसोत, आम्हाला चालतात. पुन्हा तेच, एकीकडे दोष आणि दुसरीकडे सूट.

दोघांनीही एक गोष्ट वेगळी काढून पाहिली नाही. बालगंधर्वांची कला दोन अंगांची होती, रूप आणि सूर. रूप वयाच्या ताब्यात असतं. सूर पूर्णपणे नसतो. त्यात त्यांची गायकी अशी की शब्दाच्या शेवटच्या अक्षराला धरून लयीत झुलवत न्यायचं, ताना लयीला चिकटून घ्यायच्या आणि अक्षर कुठेही फुटू द्यायचं नाही. याला लांब दम लागतो. ब्लूजमध्ये असते तशी अर्धी ओळ मोकळी नाट्यपदात आयती मिळत नाही. ऑर्गन आणि सारंगी भरून काढतील तेवढाच विसावा. म्हणून पाय निकामी झाल्यावर, उभं राहणं सुटल्यावर ते भजनाकडे वळले, याकडे मी पडती बाजू म्हणून पाहत नाही. ‘कान्होपात्रा’ नाटकातल्या अभंगांनी ती वाट १९३१ मध्येच घालून ठेवली होती. भजनात बसून गाता येतं. ध्रुवपद फिरून फिरून येतं. टाळ चालू राहतात, मागचे झील धरतात आणि गाणाऱ्याला पुढच्या ओळीपर्यंत दम गोळा करता येतो. जोडीला गोहरबाई कर्नाटकी होत्या, त्यांनी आपला गळा बालगंधर्वांच्याच गायकीवर घडवलेला. एक थांबला की दुसऱ्याने उचलायचं. म्हणजे ज्या मोकळ्या जागेवर बडी गायचं म्हातारपण उभं आहे, तशी जागा या माणसाने गाण्याचा प्रकार बदलून स्वतःसाठी निर्माण केली. ही पडझड नव्हे, ही जाणत्या कलावंताची निवड आहे. त्यांच्या उतारवयातल्या भजनाकडे तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिकांचा कान घेऊन गेलं, तर ती निवड ऐकूच येत नाही.

त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांनी आपलं एक नुकसानही केलं आहे. त्यांनी प्रत्येक मोठ्या गायकाचं एक वय कायमचं ठरवून टाकलं. पुढे तो जेव्हा समोर येऊन बसतो तेव्हा त्याची स्पर्धा त्या गोठलेल्या वयाशी असते आणि ती तो हरणारच. ब्लूजमध्ये हे फार विचित्र रूपात घडलं. सन हाउस नावाच्या जुन्या गायकाला १९६४ मध्ये चाहत्यांनी शोधून काढलं. दरम्यान त्याने गिटार सोडली होती. अॅलन विल्सन या विशीतल्या मुलाने जुन्या तबकड्यांवरून त्याची स्वतःची गाणी त्यालाच पुन्हा बसवून दिली. त्यानंतरचं त्याचं गाणं जुन्यापेक्षा ओबडधोबड आहे, पण त्यात एक जडपणा आहे जो तरुणपणी नव्हता, आणि अनेक जाणकारांना तोच जास्त भिडतो. आपल्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरांची कीर्ती साठीनंतर पसरली. गंगूबाई हनगल नव्वदी ओलांडल्यावरही गायल्या. म्हणजे कान तयार असेल तर वय आड येत नाही.

वय कधीच आड येत नाही, असं मात्र म्हणू नये. बी. बी. किंग अखेरची वर्षं खुर्चीत बसून वाजवायचा. सूर कमी, पण एका सुराला मनगटाने जे कापरं द्यायचा त्यावरून डोळे मिटूनही ओळखू यावा. २०१४ च्या एप्रिलमध्ये सेंट लुइस शहरात त्याचा कार्यक्रम बिघडला. गाणं जुळेना, तो भरकटत राहिला आणि लोक ओरडू लागले. त्या रात्री प्रेक्षक उद्धट होते हे खरं, कार्यक्रम वाईट झाला हेही खरं. दोन्ही एका वाक्यात म्हणता आलं पाहिजे. जो श्रोता वाईट रात्रीला वाईट म्हणू शकतो, त्याच्याच ‘वा’ला चांगल्या रात्री किंमत असते. सरसकट टाळ्या हा म्हाताऱ्या कलावंताचा अपमान आहे, कारण त्यातून त्याला एवढंच कळतं की त्याचं आता कुणी ऐकत नाही.

खान्देशात म्हातारे कलावंत कमी नाहीत. वही हा लोकगीतांचा प्रकार गाणाऱ्या मंडळींतले जुने आवाज आहेत. आयुष्य तमाशाच्या फडात घालवून गावी परतलेले ढोलकीवाले आणि झीलकरी आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा अहिराणी गाण्यांची पहिली ओळ ज्यांच्या तोंडून निघते त्या आज्या आहेत. त्यांना आपण बोलावतो ते शाल-श्रीफळासाठी. भाषणं आटपून त्यांच्या हातात माइक येतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात, ध्वनिक्षेपकाचा आवाज डोकं उठवणारा असतो आणि फर्माईश होते ती तरुणपणी गाजलेल्या गाण्याची.

आयोजकांना एवढंच सांगायचं आहे की त्यांना संध्याकाळी लवकर गाऊ द्या. अर्धाच तास द्या, पण तो पूर्ण त्यांचा असू द्या. बसायला बरं आसन, आवाज धरणारा चांगला माइक आणि त्यांच्या लयीची ओळख असलेला साथीदार द्या. काय गायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ध्वनिमुद्रण करा. श्रोत्यांनी फोन खिशात ठेवून ऐकावं, आणि घरी जाताना ‘या वयात’ हे दोन शब्द न वापरता त्या गाण्याबद्दल बोलून पाहावं. तसं बोलता आलं, तर समजावं की गाणं ऐकलं.